शेवटच्या नंबरची भीती

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाच किलोमीटरच्या शर्यतीत नाव नोंदवून झालं, बिब म्हणजे छातीवर लावायचा नंबरही आला आणि आता तुझा पाय मागे येतोय. बूट, पाऊस, श्वास असं बरंच काही विचारलं आहेस, पण खरी गोष्ट अगदी शेवटच्या ओळीत आहे : “मावशी, मी शेवटची आले तर?” त्यावर सविस्तर लिहिते. आधी तयारीचं उरकते.

पाच किलोमीटर धावायचं आहे आणि हातात सहा आठवडे आहेत. आठवड्यातून तीन दिवस बाहेर पड. दोन मिनिटं हळू धाव, एक मिनिट चाल, पुन्हा धाव. मध्ये चालणं म्हणजे हरणं असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. जेफ गॅलोवे हे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले धावपटू, आणि त्यांनीच नवख्यांना असं धावत-चालत अंतर कापायला शिकवलं. वेग कळायला घड्याळ लागत नाही. धावताना एक अख्खं वाक्य न तोडता बोलता येत असेल तर वेग बरोबर आहे. शब्द तुटायला लागले की सावकाश व्हायचं. छातीत दुखलं किंवा गरगरलं तर तिथेच थांब आणि स्वयंसेवकाला सांग. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. तयारीचं एवढंच.

आता त्या सकाळचं. वाद्यं वाजत असतील, रंगीत कपडे, मुखवटे, कुणाच्या पाठीला पंख, कुणाच्या खांद्यावर लेकरू. अशा वेळी अंगात वारं शिरतं आणि पाय आपोआप पळायला लागतात. पहिला अर्धा किलोमीटर जोरात धावलेली माणसं दुसऱ्या किलोमीटरला कंबरेवर हात ठेवून उभी असलेली मी दर वर्षी पाहते. तू सुरुवातीला मागच्या बाजूला उभी राहा. बिबला चिप असली तर तुझी वेळ तू स्टार्ट लाइन ओलांडल्यावरच मोजली जाते, पुढे घुसून काहीही मिळत नाही. आणि मागे उभं राहिलं की आणखी एक फायदा होतो : शेवटपर्यंत आपणच कुणाला तरी मागे टाकत जातो, त्याने मनाला फार उभारी येते.

वेष करायचा असेल तर जरूर कर, मला आवडेल. पण तो घालून आधी दोन किलोमीटर धावून बघ. काखेत, मानेशी कुठे घासतं ते घरी उभं राहून कळत नाही. तोंड झाकणारा मुखवटा नको. श्वास कोंडतो आणि बाजूचं दिसत नाही.

बाजूचं दिसायला का हवं, तर त्या रस्त्यावर तू एकटी नसशील. व्हीलचेअरवाले चढाला सावकाश असतात आणि उताराला वाऱ्यासारखे येतात. मागून चाकांचा आवाज आला की सरळ रेषेत राहा, अचानक बाजूला सरकू नकोस. लहान मुलं काहीच न सांगता मध्येच थांबतात. चालायचं असेल तर आधी हात वर कर, मागे एकदा बघ आणि मग कडेला हो. मैत्रिणींसोबत चौघींची ओळ करून रस्ता अडवायचा नाही. पाण्यासाठी पहिल्या टेबलावर सगळे तुटून पडतात, तू शेवटच्या टेबलाकडे जा. कागदी पेल्याची कड चिमटीत दाबलीस तर धावता धावताही नीट पिता येतं. आणि कानात गाणी नकोत. मागून “डावीकडून येतोय” असं कुणी ओरडलं तर ते ऐकू यायला हवं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी एका दृष्टिहीन बाईंची गाइड रनर झाले होते. आमच्या दोघींमध्ये हातभर दोरी होती, एका टोकाचा फास माझ्या बोटांत, दुसऱ्याचा त्यांच्या. काम सोपं वाटलं होतं. हात एका लयीत हलू द्यायचे आणि पुढचा रस्ता बोलून दाखवायचा : “पुढे डावं वळण, तीन, दोन, एक, वळा.” तीन किलोमीटर छान गेले. मग एका वळणावर लोक टाळ्या वाजवत होते, कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारली, मी हसून हात हलवला आणि समोरचा गतिरोधक सांगायचा राहिला. त्या पडल्या. दोन्ही तळहात खरचटले, गुडघ्यातून रक्त आलं. मला रडू आलं. त्यांनी मात्र रस्त्यावर बसल्या बसल्या चाचपून दोरी शोधली, तिचं टोक माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, “आता गप्प बसू नका, बोलत राहा.”

मग मी बोलत राहिले. खड्डा, ओला भाग, उतार, डावीकडे एक आजोबा नाचतायत, पुढे निळे फुगे आहेत. नाचणारे आजोबा ऐकून त्या मोठ्याने हसल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की जत्रा त्यांच्यापर्यंत पोचवणं हेसुद्धा माझंच काम होतं. पॅरालिंपिकमध्ये असा नियमच आहे की गाइडने आपल्या धावपटूच्या आधी शेवटची रेषा ओलांडायची नाही. आमच्या शर्यतीत कुणी ते तपासत नव्हतं, तरी मी शेवटी अर्धं पाऊल मागे राहिले. माझ्या सगळ्या धावण्यांत मला तेच अर्धं पाऊल सर्वांत जास्त आठवतं.

आता तुझी भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, कारण तिला कारण असतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका शर्यतीत वॉकर घेऊन चालणारा एक मुलगा शेवटच्या वळणावर आला तेव्हा शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढून झाली होती. वेळ मोजणारी चटई गुंडाळत होते. बक्षिसं वाटून झाली होती. जाहिरातीत “सर्वांसाठी” असं मोठ्या अक्षरात होतं. त्या मुलाने कमान शोधत इकडेतिकडे पाहिलं, मग आईकडे. आम्ही पाचसहा जणींनी धावत जाऊन हातांची कमान केली, तो तिच्याखालून गेला, हसलाही. पण मला अजून राग येतो. तोही दोन तास चालला होता आणि त्याच्याही छातीवर नंबर होता.

यावर उपाय आहे आणि तो अवघडही नाही. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली १३ जण मिळून पाच किलोमीटर धावले, त्यातून पार्करन उभं राहिलं. आज अनेक देशांत दर आठवड्याला ते होतं. तिथे एक स्वयंसेवक ठरवून सगळ्यांच्या मागे चालतो. शेवटच्या माणसाशी गप्पा मारतो, त्याच्याबरोबर येतो आणि त्याच्यानंतरच रेषा ओलांडतो. मला ही कल्पना इतकी पटली की आपल्या आयोजकांकडे मी तीन बैठकांमध्ये हाच विषय काढत राहिले. शेवटी त्यांनी मानलं. कमान, घड्याळ आणि पाण्याचं शेवटचं टेबल शेवटचा माणूस येईपर्यंत हलवायचं नाही, असं लिहून घेतलंय.

तुझ्याकडून मला एक हवंय. तुझं धावून झालं की पदक गळ्यात घालून लगेच घरी जाऊ नकोस. पाणी पी, अंगावर कोरडं काहीतरी घाल आणि रेषेजवळ येऊन उभी राहा. पहिल्या दहा जणांना टाळ्या मिळतातच. एक तासानंतर येणाऱ्यांसाठी तिथे माणसं कमी पडतात.

बिब छातीवर लाव, पाठीवर नको. चार पिना लागतात, तू सहा ने. कुणाची तरी हरवलेली असतेच.

आणि हो, सगळ्यांच्या मागे चालायचं काम या वर्षी माझ्याकडे आहे. नारिंगी जाकीट असेल. तेव्हा शेवटचा नंबर माझा, तो आधीच ठरलाय. वाटेत दमलीस तर थांब, मी मागून येतेच आहे.

तुझी,
मावशी