वाचक विचारतात: भाच्याला लंडनहून कुठली रेड वाइन आणायला सांगू?

प्रश्न: ताई नमस्कार, मी चाळीसगावचा, वय ५४. घरात वाइन पिणारा मी एकटाच. नाशिकची शिराझ, कॅबर्ने बऱ्याचदा घेतली, आवडते पण, आता जरा वेगळं काहीतरी प्यायचंय. भाचा लंडनला असतो, दिवाळीला येतोय, तो म्हणतो मामा इथे नुसती वाइनचीच छोटी छोटी दुकानं आहेत, नाव सांगा, आणतो. आता नाव मला कुठून माहिती असणार? आमच्याकडचं जेवण म्हणजे काळ्या मसाल्याचं मटण, नाहीतर भरीत.

उत्तर: भाऊ, नाव राहू द्या, भाच्याला म्हणावं दुकानात जाऊन मामा काय जेवतो ते सांग. तसल्या दुकानात काउंटरवरचा माणूस स्वतः चाखून माल भरतो, त्याला जेवण, बजेट आणि आधी काय आवडलं एवढं सांगितलं की तो बरोबर बाटली काढतो. मी बहिणीकडे गेले होते तेव्हा असंच झालं, मी सांगितलं की आमचं मटण काळं असतं, खोबरं-कांदा पार भाजून वाटलेला, वर तेलाचा तवंग, तर तो दोन मिनिटं गप्प उभा राहिला आणि खालच्या फळीवरून जॉर्जियाची सापेरावी काढून दिली. जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतलं नाही हं, तुर्कस्तानला लागून असलेला देश.

आपल्या बाजारातलं काळं द्राक्ष सोलून बघा, आतून हिरवट-पांढरं निघतं. बहुतेक रेड वाइनच्या द्राक्षांचंही तसंच, रंग सगळा सालीतून येतो. सापेरावी हे मुळात द्राक्षाचंच नाव, ते आतूनसुद्धा लाल असतं, त्या नावाचा अर्थच रंग देणारी. पहिला ग्लास संपला आणि बहीण म्हणाली जीभ दाखव, जांभूळ खाल्ल्यावर होते तश्शी जांभळी झाली होती! चव तुरट, आंबटपणा भरपूर, म्हणून तेलकट मटणाला ती मस्त उभी राहते.

तिकडे काही जण ही वाइन जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या मातीच्या मोठ्या रांजणात करतात, त्याला क्वेव्री म्हणतात, आतून मधमाशीच्या मेणाचा हात दिलेला असतो. आपल्याकडे ज्वारी पेवात ठेवायचे ना, मला तेच आठवलं. ही पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आली.

आता एक नीट ऐका, लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. मुकुझानी लिहिलेलं असेल तर ती सापेरावीचीच, पण कोरडी, म्हणजे गोड नसलेली, आणि ओकच्या पिंपात ठेवलेली. किंडझमराउली लिहिलेलं असेल तर तीही सापेरावीच पण गोडसर. मटण असेल तर मुकुझानी. पण तुमच्या भरतात हिरवी मिरची सढळ हाताने असेल तर किंडझमराउली घ्या, कारण तुरट वाइनने मिरची अजूनच झोंबते, गोडसर वाइन तिखटाला सावरून घेते. मला विचाराल तर दोन्ही एकेक आणायला सांगा, विमानाने येताना माणशी दोन लिटर ड्युटी-फ्री चालतं, ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात बसतात, चेक-इन बॅगेत जाड कपड्यात गुंडाळायच्या.

आणि आपला उन्हाळा लक्षात ठेवा! मी एक चांगली बाटली कपाटावर ठेवली होती, मे महिन्यात काढली तर बूच वर सरकलेलं आणि वाइनला शिजवल्यासारखा वास, फार वाईट वाटलं मला. म्हणून दिवाळीतच संपवा, तोवर घरातल्या सगळ्यात गार खोलीत, अंधारात, बूच असेल तर आडवी ठेवा. कोरडी वाइन उघडायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये, गोडसर जास्त गार करा. उरली तर बूच लावून परत फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवसांत संपवा.