टेक्सासचं लायसन्स सगळीकडे चालतं का? डॅलसला निघालेल्या सिस्टरला उत्तर

तू विचारलंयस: बी.एस्सी. नर्सिंग झालंय, पुण्यात आयसीयूचा अनुभव आहे, नवऱ्याला कंपनी डॅलसला पाठवतेय, मुलगी तिसरीत आहे. टेक्सासचं लायसन्स एकदा हातात आलं की ट्रॅव्हल नर्स, म्हणजे थोड्या आठवड्यांच्या काँट्रॅक्टवर गावोगाव काम करणारी नर्स, म्हणून कुठल्याही राज्यात काम करता येईल ना, ताई? एनक्लेक्सचा, म्हणजे तिथल्या नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेचा अभ्यास, फी, मुंबईचं सेंटर वगैरे मी सांगत बसत नाही. ते नर्सिंग बोर्डाच्या साइटवर आहे आणि माझ्यापेक्षा ताजं आहे.

बऱ्याच राज्यांत करता येईल. सगळ्यांना जिथे जायचं असतं तिथे नाही. राज्यांचा आपापसात करार आहे, नर्स लायसन्शर कॉम्पॅक्ट. त्याचं आत्ताचं रूप जानेवारी २०१८ पासूनचं. टेक्सास त्यात आहे, ॲरिझोना, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आहेत. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय नाहीत. कराराच्या आतलं मल्टीस्टेट, म्हणजे करारातल्या सगळ्या राज्यांत चालणारं लायसन्स असलं की १३ आठवड्यांचं काँट्रॅक्ट घेऊन तू उद्या ॲरिझोनात फिनिक्सला उभी राहू शकतेस. फक्त नियम तिथले, पेशंट ज्या राज्यात आहे तिथले.

हे लायसन्स नोकरीवर नाही, घरावर ठरतं. अर्जात विचारतात, तुमचं मुख्य राहतं घर कुठल्या राज्यात. व्हिसावरच्या नर्सला इथे निवड असते: मायदेश लिहा, नाहीतर ते राज्य लिहा. मायदेश लिहिलास तर त्या एका राज्यापुरतं लायसन्स, राज्य लिहिलंस तर मल्टीस्टेट. मी टेक्सास लिहिलं. ड्रायव्हिंग लायसन्स तिथलं, टॅक्स रिटर्नवरचा पत्ता तिथला, म्हणजे खोटं काहीच नव्हतं. पण त्याच आठवड्यात आईला फोनवर सांगत होते की दोन-तीन वर्षांत परत येतोय, मिरजेचं घर भाड्याने देऊ नकोस. तिने दिलं नाही. अजून बंदच आहे.

व्हिसाचं आधी नीट विचारून घे. नवरा एल-१ वर, म्हणजे कंपनीतल्या बदलीच्या व्हिसावर येणार असेल तर एल-२ या जोडीदाराच्या व्हिसावर बायकोला सरळ काम करता येतं. मी एच-४ वर आले, म्हणजे एच-१बी नोकरी व्हिसावाल्याच्या बायकोच्या व्हिसावर. नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होईपर्यंत वर्क परमिट नाही, वर्क परमिट नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आणि तो नंबर नाही म्हणून मल्टीस्टेट लायसन्स नाही. व्हेंटिलेटर सांभाळलेली बाई मी, दुपारी सगळ्यांच्या मुलांना बसस्टॉपवरून आणायचे. लोक म्हणायचे, छान, घरी वेळ देता येतो. त्या वर्षांचं मला अजून नीट हसून सांगता येत नाही.

मग घर हललं. नवऱ्याची नोकरी कॅलिफोर्नियाला गेली. तू कॉम्पॅक्टमधल्याच दुसऱ्या राज्यात गेलीस तर ६० दिवसांत तिथे अर्ज करायचा, बाकी फारसं अडत नाही. कराराबाहेर गेलीस की टेक्सासचं मल्टीस्टेट गेलं, उरलं ते टेक्सासपुरतं. कॅलिफोर्नियाचं वेगळं काढावं लागतं, आणि बाहेरच्या देशात शिकलेल्या नर्सला तिथे पुन्हा पहिल्यापासून कॉलेजची कागदपत्रं लागतात. फॉर्मवर तक्ता असतो: मेडिकल-सर्जिकल, मॅटर्निटी, पेडियाट्रिक, सायकियाट्रिक, प्रत्येकाचे थिअरीचे तास वेगळे, क्लिनिकलचे वेगळे, आणि दोन्ही बरोबरीने झाले का तेही बघतात. आपल्याकडे बॅचप्रमाणे पोस्टिंग लागायचं. ओबीजीची (बाळंतपण-स्त्रीरोगाची) थिअरी एका टर्मला, लेबर रूम कधी दुसऱ्याच. भावाने कॉलेजात खेटे घातले. क्लार्क म्हणाला, “असं वेगवेगळं नसतं आमच्याकडे, टोटल लिहून देऊ का?” वर हे सगळं कॉलेजनेच थेट पाठवायचं, आपल्या हातून गेलेलं चालत नाही. कित्येक महिने मी टेक्सासच्या लायसन्सवर नवऱ्याचा पगार मोजत बसले होते.

तरी लोक कॅलिफोर्नियाला मरतात ते उगाच नाही. २००४ पासून तिथे पेशंटचं प्रमाण कायद्याने बांधलेलं आहे: आयसीयूत एका नर्सला जास्तीत जास्त २ पेशंट, मेड-सर्जला, म्हणजे मेडिकल-सर्जिकल वॉर्डात, आता ५. पुण्याच्या वॉर्डातून आलेल्या बाईला पहिल्या दिवशी काहीतरी चुकतंय असंच वाटतं.

मुलीचं विचारलंस म्हणून सांगते. माझी लेक चौथीत असताना आम्ही हललो. टेक्सासला चौथीला टेक्सासचा इतिहास असतो, अर्धं वर्ष अलामोची लढाई झाली. कॅलिफोर्नियाला चौथीला कॅलिफोर्नियाचा, मग मिशन, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांची जुनी ठाणी. मला चौथीला शिवाजी महाराज होते, अफझलखान अजून तोंडपाठ आहे. तिला दोन्हीतलं काही आठवत नाही. पण डोक्यात बसलंय ते वेगळंच. शाळेच्या फॉर्मवर ‘घरी कोणती भाषा बोलता’ असं विचारलं होतं, मी मराठी लिहिलं, आणि त्यावरून तिची इंग्रजीची परीक्षा घेतली. जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचणाऱ्या मुलीची. पास झाली, प्रश्न तो नव्हता. त्यानंतर ती गाडीत माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली आणि ते तसंच राहिलं. परीक्षेमुळेच असं मी म्हणत नाही. तारीख मात्र मला आठवते.

पैसा: ट्रॅव्हल नर्सला काम देणारी एजन्सी आठवड्याचा मोठा आकडा दाखवते, त्यात राहण्या-जेवणाचा भत्ता धरलेला असतो. तो करमुक्त असतो, पण तुझं कायमचं घर दुसरीकडे असून त्याचाही खर्च तू भरत असशील तरच. काँट्रॅक्टमध्ये किमान तास लिहून घे, नाहीतर पेशंट कमी झाले की घरी बसवतात.

एकटेपणा येतो. बारा तासांची नाईट केली की त्याआधी झोप येते. खरं सांगू, ॲरिझोनाच्या काँट्रॅक्टवर मी एकटी होते आणि मला ते आवडलं होतं. एका भांड्यात खिचडी, कोणाचा डबा नाही. घरी आजवर बोलले नाही.

तू निघायच्या आधी कॉलेजातून तासांचा तक्ता विषयवार करून घे, क्लिनिकलचं लॉगबुक स्कॅन कर, क्लार्कचा मोबाइल नंबर घेऊन ठेव. आणि हे मे महिन्याच्या आत उरक, सुट्टीत सही करायला तिथे कोणी नसतं.