चार्ल्स्टनला दोन दिवस : आधी बंदर, मग रंगीत घरं

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जुन्या शहरांविषयी, त्यातही साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनविषयी, बरेच प्रश्न आले आहेत. बहुतेक जण शनिवार-रविवारला एखादी सुट्टी जोडून जाणारे आहेत. त्यातले काही प्रश्न आज घेते.

प्रश्न : आम्ही शार्लटला राहतो. आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी. शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परत यायचं आहे. एवढ्या वेळात चार्ल्स्टन होईल का? कधी जावं?

होईल. साउथ कॅरोलायनाच्या राजधानीवरून, कोलंबियामार्गे, साडेतीन तासांचा रस्ता आहे. शुक्रवारी संध्याकाळी आय-२६ या महामार्गावर गर्दी लागते, म्हणून चार तास धरूनच निघा. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे उत्तम महिने. जून ते ऑगस्ट दमट उकाडा असतो, अकरानंतर मूल काय, मोठी माणसंही चालायला तयार होत नाहीत. तारीख पक्की करण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. वसंतात एका शनिवारी कूपर नदीवरच्या पुलावरून धावण्याची मोठी शर्यत असते. त्या दिवशी सकाळी पूल बंद असतो आणि हॉटेलं भरलेली असतात. दुसरं म्हणजे मेअखेरीपासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत स्पोलेटो हा कलामहोत्सव चालतो, १९७७ पासून. संगीत-नाटकाची आवड असेल तर मुद्दाम तेव्हाच जा. नसेल तर ते दिवस टाळा, कारण खोल्यांचे भाव चढलेले असतात.

आता काय आधी बघायचं ते सांगते, कारण माझा खरा आग्रह तिथेच आहे. बहुतेक लोक गाडी लावतात आणि थेट ईस्ट बे स्ट्रीटवरच्या रेनबो रोकडे, त्या तेरा रंगीत घरांकडे, फोटो काढायला जातात. तुम्ही शनिवारी सकाळी तिथे जाऊ नका. आधी गॅड्सडेन्स व्हार्फला जा. अमेरिकेत बाहेरून गुलाम आणण्यावर १८०८ साली कायद्याने बंदी आली. त्याआधीच्या शेवटच्या काही वर्षांत आफ्रिकेतून पकडून आणलेली हजारो माणसं या धक्क्यावर उतरवली गेली. त्याच जागी जून २०२३ मध्ये इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम सुरू झालं. इमारत खांबांवर उचलून धरलेली आहे, त्या जमिनीवर ती मुद्दामच टेकवलेली नाही. खाली मोकळ्या जागेत उथळ पाण्याचा एक पट्टा आहे. पाणी ओसरतं तेव्हा तळावर एकमेकांना खेटून आडवी पडलेली माणसं दिसू लागतात, जहाजाच्या तळात त्यांना जसं कोंबत तशी. पाणी चढलं की ती आकृतीआकृतीने बुडत जातात.

मुलीला हे झेपेल का, अशी शंका तुम्हाला येईल. झेपतं. आदल्या दिवशी गाडीतच तिच्याशी बोलून घ्या आणि तिथे तिच्या प्रश्नांना घाई न करता उत्तरं द्या. तिकिटं वेळेची असतात, ती आधी काढून ठेवा आणि संग्रहालय कोणत्या वारी बंद असतं तेही बघा.

मग दुपारी खुशाल रेनबो रोला जा. तीच घरं आता वेगळी दिसतील, कारण ती कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या हातांनी उभी राहिली हे तुम्हाला ठाऊक असेल. शहरातल्या काही जुन्या विटांवर बोटांचे ठसे आहेत. ओली वीट साच्यातून काढून वाळत घालताना ते उमटले. विटा पाडणारे गुलाम होते आणि त्यांत लहान मुलंही होती. काही ठसे तुमच्या मुलीच्या बोटांएवढे आहेत.

मुलीसाठी एक खेळही आहे. जुन्या घरांच्या भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतात. ३१ ऑगस्ट १८८६ ला इथे मोठा भूकंप झाला. त्यानंतर खिळखिळ्या झालेल्या भिंती आरपार लोखंडी सळ्या घालून आवळल्या, त्या सळ्यांची ही टोकं. एका गल्लीत किती सापडतात ते तिला मोजू द्या. इथली घरंही निरखून बघा. रस्त्याकडे घराची फक्त एका खोलीएवढी अरुंद बाजू असते आणि लांबीच्या बाजूने ओसरी. रस्त्यावरच्या दारातून आत गेलं की माणूस घरात नाही, ओसरीवर पोचतो. वारा यावा म्हणून ओसरी बहुतेक दक्षिणेला किंवा पश्चिमेला. उकाड्यात राहणाऱ्यांनी शोधलेली ही युक्ती कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. हे सगळं टिकलं याचं बरंचसं श्रेय शहराच्या १९३१ च्या नियमाला जातं. जुन्या वस्तीला असं कायद्याचं संरक्षण देणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर.

प्रश्न : अटलांटाला आमच्याकडे सांगलीहून आई-बाबा आले आहेत. आईचे गुडघे दुखतात. चार्ल्स्टन जमेल का?

तुम्ही चार्ल्स्टन सोडून जॉर्जियातल्या सवाना शहराला जा. अटलांटाहून ते चार तासांवर आहे, चार्ल्स्टनला पाच लागतात. खरं कारण मात्र चालण्याचं आहे. जेम्स ओगलथॉर्पने १७३३ मध्ये सवाना वसवताना मधेमधे चौकोनी चौक सोडले. शहर वाढलं तसे त्याच आखणीत आणखी चौक झाले, त्यातले बावीस आजही आहेत. दर दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर मोठ्या ओक झाडांची सावली आणि बसायला बाक. आई एका चौकात बसतील, तुम्ही पुढचा बघून याल, नाहीतर सगळेच निवांत बसाल. नदीकाठच्या रिव्हर स्ट्रीटला मात्र पायी उतरू नका. तिथले जिने उभे आहेत आणि खाली जुन्या जहाजांत भार म्हणून भरून आणलेले ओबडधोबड गोटे अंथरलेले आहेत. गाडीनेच जा.

बाबांना चार्ल्स्टनच बघायचं असेल तर शहराच्या मध्यभागी राहा आणि डॅश या मोफत बसने फिरा. घोडागाडीचा फेराही गुडघ्यांना बरा. फक्त एक ध्यानात ठेवा, कोणत्या भागात फिरवायचं हे गाडीवान ठरवत नाही. एका भागात गाड्यांची गर्दी होऊ नये म्हणून निघताना सोडत काढतात. त्यामुळे ‘अमुकच रस्ता दाखवा’ असा हट्ट धरून उपयोग नाही.

प्रश्न : मी नॉर्थ कॅरोलायनात, रॅली शहरात असते. मैत्रिणी म्हणतात, प्लँटेशनच्या, म्हणजे पूर्वी गुलाम राबत त्या मळ्यांच्या, बागांमध्ये फोटो फार सुंदर येतात, तिथे लग्नंसुद्धा होतात. मला तिथे जायला मन धजत नाही. जावं की नको?

जा. पण एकच निवडा आणि विचार करून निवडा. तुमचं मन धजत नाही हे योग्यच आहे. जिथे माणसं जन्मभर मारझोडीखाली राबली, तिथे फक्त झाडांची कमान बघून परतणं मलाही पटत नाही.

माझी निवड जेम्स आयलंडवरची मॅक्लाउड. कापसाचं हे जुनं ठिकाण आता काउंटीच्या उद्यान विभागाकडे आहे. इथली माहिती मालकाच्या दिवाणखान्यापासून सुरू होत नाही, राबणाऱ्यांपासून होते. त्यांच्या लाकडी खोल्या वाटेलगत ओळीने अजून उभ्या आहेत. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या लोकांसाठी नेमलेल्या सरकारी खात्याची कचेरी याच घरात होती. वाटाड्याबरोबरचा फेरा चुकवू नका, एकट्याने फिरलात तर निम्मं हातून निसटेल. ड्रेटन हॉलही चांगलं आहे. अठराव्या शतकातलं ते घर आत रिकामं ठेवलं आहे, सामान मांडून सजवलेलं नाही. आवारात तिथे राबलेल्या लोकांची दफनभूमी आहे. मिडलटन प्लेसच्या बागा खरोखर देखण्या आहेत. पण त्या बागांच्या पायऱ्या-पायऱ्यांची माती कुणी उपसली हा प्रश्न बरोबर घेऊन जा.

इथली पहिली मोठी संपत्ती कापसाची नव्हे, भाताची. गोव्यात खाजन शेती आणि तिचे मानस, म्हणजे पाणी अडवायची-सोडायची दारं, ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चटकन समजेल. नदीकाठी बांध घालायचे, त्यांत लाकडी दारं बसवायची आणि भरती-ओहोटीच्या तालावर गोडं पाणी शेतात घ्यायचं किंवा सोडायचं. भाताची जाण मालकांकडे फारशी नव्हती. पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या किनाऱ्यावरून धरून आणलेल्या माणसांकडे ती होती. मजुरीबरोबर त्यांची विद्याही लुटली गेली, असंच मी म्हणेन.

प्रश्न : फोर्ट सम्टरला जायला बोटीत अर्धा दिवस जातो. इतिहासाची फार आवड नसलेल्यांनी जावं का?

मुंबईकर असाल तर जाच. १२ एप्रिल १८६१ ला पहाटे साडेचारला या किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या आणि गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेतली राज्यं आणि उत्तरेतली राज्यं यांच्यातलं अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं. पुढे उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि मागणी मुंबईकडे वळली. आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे ते भाव आले, मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरांमागे लोक वेडे झाले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तो सगळा डोलारा कोसळला. त्या सट्ट्यातलं सगळ्यात मोठं नाव प्रेमचंद रायचंद, ज्यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. सम्टरच्या तटावर उभं राहून हे आठवलं की अमेरिकेचा इतिहास परका वाटत नाही.

वेळेचा हिशेब असा : बोटीने जायला साधारण अर्धा तास, किल्ल्यावर तासभर, परत यायलाही साधारण अर्धा तास. चढ-उतार धरून सगळे मिळून सव्वादोन तास. शक्यतो सकाळची पहिली बोट घ्या.

आणि बोटीत बसल्यावर रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट बरोबरच्यांना सांगा. तेवीस वर्षांचा हा गुलाम ‘प्लँटर’ नावाच्या बोटीचं सुकाणू सांभाळायचा. बोट दक्षिणेच्या सैन्याच्या कामाला होती. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर असताना त्याने बोट सोडली. वाटेत बायको-मुलांना आणि साथीदारांच्या घरच्यांना घेतलं, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर चढवली, सम्टरजवळून जाताना ठरलेली शिट्टी बरोब्बर वाजवली आणि उत्तरेच्या आरमारापुढे पांढरं निशाण लावून सगळ्यांना मुक्त केलं. पुढे तो अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेला. तुम्ही ज्या पाण्यावरून जाल ते हेच पाणी.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. तिथे उपाशी राहायची वेळ येईल का? आणि आठवण म्हणून काय आणावं?

उपाशी राहणार नाही, पण विचारल्याशिवाय काही घेऊ नका. कॉलर्डची पालेभाजी डुकराच्या हाडाबरोबर शिजवतात. टोमॅटो घातलेला लाल भात आणि चवळीचा हॉपिन जॉन यांत बहुधा बेकन असतं. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या जाड रव्याची खीर म्हणा, गोड नसलेली. ती पाण्यात-दुधात शिजवली आहे की मटणाच्या किंवा कोंबडीच्या सुपात, हे विचारा. बिस्किटांतही (इथे बिस्किट म्हणजे मऊ, फुगीर पाव) कधी चरबी असते. हिरव्या टोमॅटोचे तळलेले काप, पिमेंटो चीज, भेंडी हे मिळतं. तळणीच्या कढईत कोळंबीही तळत असतील तर चालतं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. रस्त्यालगतच्या टपऱ्यांवर मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या ओल्या शेंगा मिळतात, अगदी आपल्यासारख्या. त्या जरूर घ्या. मासे खाणाऱ्यांना काही सांगायला नकोच : कोळंबी, खेकडे आणि थंडीत कालवं.

आठवण म्हणून स्वीटग्रासची टोपली घ्या. सिटी मार्केटमध्ये आणि माउंट प्लेझंटला हायवे १७ च्या कडेला विणकर बायका बसलेल्या असतात. त्या गल्ला समाजाच्या, गुलामगिरीतून आलेल्या लोकांच्या वंशज. त्यांची कला आफ्रिकेतून आली आणि आईकडून मुलीकडे चालत राहिली. आधी या टोपल्या उथळ आणि रुंद असत, उखळात कांडलेला भात पाखडायला. हात कसा चालतो ते थांबून बघा. गवताची गुंडाळी, मधे पाइनच्या तपकिरी काड्या आणि त्यावरून पाल्मेटो या ताडासारख्या झाडाच्या पानाची पट्टी ओवायची. ओवायला भोक पाडतात ते पुष्कळदा चमच्याच्या दांड्याने, पुढची वाटी कापून टाकलेली असते. तळहाताएवढ्या टोपलीचीही किंमत ऐकून दचकायला होतं, पण तिच्यामागे कित्येक तासांचं काम आहे. घासाघीस करू नका. परवडत नसेल तर कौतुक करून पुढे जा.

प्रश्न : कोलंबियाला शिकतो. बजेट अगदी कमी. आणि पावसापाण्याचं काय?

मुक्काम नॉर्थ चार्ल्स्टनला किंवा नदीपलीकडे करा, शहरातल्यापेक्षा स्वस्त पडतो. गाडी दिवसभर एकाच पार्किंग इमारतीत ठेवा, रस्त्याच्या कडेला जागा शोधण्यात वेळ जातो आणि दंडही बसतो. कूपर नदीवरच्या रॅव्हेनेल पुलावर पायी चालायला स्वतंत्र मार्गिका आहे, बंदराचं सगळ्यात चांगलं दर्शन तिथून, फुकट. शहराच्या दक्षिण टोकावरची, बॅटरी नावाच्या भागातली बाग, वॉटरफ्रंट पार्क आणि जॉन्स आयलंडवरचं एंजल ओक हे प्रचंड झाडही फुकट. कॅलहून स्ट्रीटवरच्या इमॅन्युएल चर्चपाशी थोडं थांब. १७ जून २०१५ ला तिथे प्रार्थनेला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या वंशद्वेष्ट्याने गोळ्या घातल्या. ते चालू चर्च आहे, आत सभा असेल तर कॅमेरा खिशातच ठेव.

पावसापेक्षा भरतीकडे लक्ष दे. शहर सखल आहे. मोठ्या भरतीला, त्यात पाऊस असेल तर हमखास, जुन्या भागातले रस्ते पाण्याखाली जातात. फोनवर भरतीची वेळ बघूनच गाडी काढ आणि साचलेल्या पाण्यात अजिबात घालू नकोस, ते खारं असतं. चक्रीवादळांचा काळ जून ते नोव्हेंबर. त्यांतही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणार असलास तर थोडे पैसे जास्त पडले तरी रद्द करता येणारीच खोली घे.