शौर्यपदक मिळालेल्या लष्करी अधिकाऱ्याचं निवृत्तीनंतरचं आयुष्य कसं असतं?

रुबाब असतो का आणि पैसे किती मिळतात असं विचारलंय तुम्ही. माझे काका सॅपर होते, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातले, १९७१ ला सुरुंगांतून रणगाड्यांना वाट करून दिली म्हणून सेना मेडल. निवृत्त होऊन वेंगुर्ल्याला आले ते माडांना आळी करणं, शिंपणं, एवढंच. मेडल ट्रंकेत. पावसात रिबिनीला बुरशी धरते म्हणून दसऱ्याला उन्हात घालायचे, तेव्हाच काय ते दिसायचं.

लहानपणी एकदा किनाऱ्यावर त्यांनी बिस्किटाच्या डब्याचं झाकण वाळूत पुरलं आणि माझ्या हातात काकूची विणायची सुई देऊन म्हणाले, शोध. मी सुई सरळ खुपसली. त्यांनी मनगट धरलं, "तिरपी घाल, उभी घालू नको." सुरुंगाची कड लागली पाहिजे, वरनं दाब पडला की संपलं. तासभर लागला मला, आणि हे तर नुसतं झाकण, वरनं गोळीबार नाही काही नाही.

आणि गणपतीला मुंबईहून आलेला आतेभाऊ भर पंगतीत म्हणतो, सॅपर म्हणजे रस्तेवालेच ना, लढले कुठं? काका गप्प जेवत राहिले, मीही गप्प बसलो, ते अजून सलतंय.

त्याला तेव्हा रामा राघोबा राणे माहीत नव्हते. आपल्याच किनारपट्टीचे, कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे. एप्रिल १९४८, जम्मूतला नौशेराहून राजौरीचा रस्ता, सुरुंग आणि तोडून आडवी टाकलेली झाडं, वरनं मशीनगन. पहिल्याच दिवशी दोन जवान गेले, राणे स्वतः जखमी, तरी ८ ते ११ एप्रिल हटले नाहीत. एकदा तर रणगाड्याखाली शिरून, सरपटत, दोरीनं ड्रायव्हरला इशारे देत त्याला सुरुंगांपलीकडे नेलं. परमवीर चक्र मिळालं, तेही जिवंतपणी. कारवारच्या किनाऱ्यावर युद्धनौकेच्या म्युझियमजवळ पुतळा आहे त्यांचा, गोव्याला जाणाऱ्यांनी तेवढं पुढं जाऊन बघावा, आतेभावानं तर नक्कीच.

अशा माणसाला भेटलात तर किती मारले विचारू नका, काम काय होतं ते विचारा, तासभर बोलतील. अर्थात सगळेच बोलतील असं नाही, मी एकाच घरातलं सांगतोय.

पैशाचं राहिलं. २०१७ पासून केंद्राचा भत्ता सेना मेडलला महिन्याला २००० रुपये आणि परमवीर चक्राला २०,०००, पेन्शन वेगळी. काकांनी त्यातनं माडांना पंप घेतला.