बाहेरून बी.कॉम., की ऑनलाइन?

प्रश्न : काकू, माझं वय 29. बारावी कॉमर्सनंतर दोन वर्षांत लग्न झालं आणि शिक्षण राहिलं. राजापूर तालुक्यात आमची हापूसची बाग आहे, मार्च ते मे मान वर करायला फुरसत नसते. एरवी मी काजूच्या कारखान्यात हजेरी आणि हिशेब लिहिते. मुलगा दुसरीत आहे. तलाठी भरतीला बसायचं तर पदवी हवी, म्हणून ऑनलाइन बी.कॉम. करावं म्हणते. मिस्टर म्हणतात, त्या डिग्रीला कोण विचारतं? ओळखीतला एकजण दीड वर्षात डिग्री मिळवून देतो म्हणतोय. काय करू?

उत्तर : त्या ओळखीतल्याला आधी नारळ दे. मी कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या टेबलावर 31 वर्षं बसले; तीन वर्षांची पदवी दीड वर्षात देणारं विद्यापीठ काही पाहिलं नाही. माझ्या सख्ख्या भाच्याने असेच पैसे भरले होते. मार्कशीट आली चांगली जाड कागदाची. नोकरीच्या ठिकाणाहून ती पडताळणीला गेली आणि तिथेच सगळं संपलं.

मिस्टरांचं म्हणशील, तर आमच्या वेळी ‘बाहेरून बी.ए. केलं’ म्हटलं की लोक नाक मुरडायचे. काहींचं नाक अजून सरळ झालेलं नाही. नियम मात्र सरळ आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2020 च्या नियमांप्रमाणे मान्यता असलेली दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी ही कॉलेजात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची धरतात. नुसत्या विद्यापीठाला मान्यता असून भागत नाही, तू घेणार तो अभ्यासक्रमही त्या वर्षीच्या यादीत हवा. यादी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. स्वतः उघडून बघ, कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवर जाऊ नकोस.

पण मला सांग, तुला ऑनलाइनच का हवंय? ऑनलाइन आणि दूरशिक्षण या दोन गोष्टी आहेत, लोक एकच समजतात. ऑनलाइनमध्ये शिकवणं, गृहपाठ, सगळं पडद्यावर. दूरशिक्षणात पुस्तकं हातात येतात, अभ्यासकेंद्र असतं, पेपर केंद्रावर जाऊन लिहायचे. तुमच्याकडे रेंज कशी आहे ते तू लिहिलं नाहीस. माझ्या नणंदेकडे, तुझ्याच तालुक्यात, फोन लागतो तो खळ्याच्या कोपऱ्यात, रातांब्याखाली उभं राहिलं तर. आषाढात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. अशा घरात पुस्तक बरं.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ मराठीतून शिकवतं, ते आधी बघ. इग्नूत, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते आणि परीक्षा जूनला नि डिसेंबरला असतात. जूनपर्यंत तुमच्या पेट्या वाशीला जाऊन हिशेबही झालेला असतो. डिसेंबरात मोहोर आणि फवारण्या. तेव्हा झेपतील तेवढेच पेपर दे. सहा वर्षं लागली तरी तू 35 ची होशील, आणि सरकारी भरतीला खुल्या गटाची मर्यादा 38 आहे. भरतीच्या परीक्षेचा अभ्यास वेगळा असतो, त्याला बी.कॉम. संपायची वाट बघू नकोस.

आता कागदांचं. बारावीच्या मार्कशीटवर तुझं माहेरचं नाव असणार आणि आधारवर सासरचं. हल्ली दोन्ही प्रकारच्या प्रवेशाला ‘डेब आयडी’, म्हणजे यूजीसीच्या त्याच दूरशिक्षण विभागाचा विद्यार्थी क्रमांक, लागतो, तो ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे शिक्षणाचे क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याला जोडलेला असतो, आणि ते खातं आधारवरून निघतं. नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही बदललेली मुलगी तिथे अडकते. माझ्या टेबलासमोर सगळ्यात जास्त रडल्या त्या याच पायी, तेही शेवटच्या तारखेला. विवाह नोंदणीचा दाखला आत्ताच काढून ठेव. राजपत्रात नावबदल केला नसेल तर तोही करून घे, त्याला वेळ लागतो.

आणि मिस्टरांना एवढंच विचार, की जूनमध्ये तुझे पेपर असतील तेव्हा मुलाचा डबा कोण करणार. डिग्रीला कोण विचारतं ते मग बघू.