सांगोला शेकापचा (शेतकरी कामगार पक्षाचा) बालेकिल्ला, मग २०१९ ला जागा ७६८ मतांनी कशी गेली? एवढ्या कमी फरकात फेरमोजणी मागता येते का?

आधी तो 'बालेकिल्ला' शब्द काढून टाका. सांगोला कधीच कुणाच्या खिशात नव्हतं. शेकापचे गणपतराव देशमुख, म्हणजे आबासाहेब, १९६२ पासून ११ वेळा निवडून आले हे सगळ्यांना पाठ असतं. १९७२ ला काकासाहेब साळुंखे-पाटलांनी आणि १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना पाडलं, हे कुणी सांगत नाही. १९९५ चा फरक होता फक्त १९२ मतांचा. आबासाहेबांना प्रत्येक वेळी गावोगाव फिरून जागा मिळवावी लागली, आणि त्यातच त्यांचं मोठेपण आहे.

२०१९ ला ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख ९८,६९६ वर थांबले, शहाजीबापू ९९,४६४ वर गेले. मतदान केंद्रं तीनशेच्या आसपास धरा, म्हणजे केंद्रामागे अडीच मतं. पुण्याला कामाला असलेलं एक घर मतदानाला आलं नाही की गेली तेवढी. याला 'लाट' म्हणणाऱ्यांनी नमुना २० (अंतिम निकालपत्र) उघडून केंद्रवार आकडे बघावेत. बघताना एक चूक हमखास होते: २००९ पासून या मतदारसंघात पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडलही आहे. नुसत्या सांगोला तालुक्याची बेरीज केली तर हिशेब जुळणारच नाही.

फेरमोजणी मागता येते. एकूण बेरीज जाहीर झाल्यावर आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने निकालपत्रावर सही करण्याआधी, लेखी, कारणांसह. ही वेळ फार थोडी असते. 'फरक कमी आहे' एवढंच लिहिलं तर अर्ज फेटाळला जातो. मशीनचं बटण पुन्हा दाबून आकडा तोच येणार, म्हणून जोर दोन ठिकाणी लावायचा. पहिलं टपाली मतं: बाद ठरलेली टपाली मतं विजयाच्या फरकापेक्षा जास्त असतील तर ती निकालाआधी पुन्हा तपासावीच लागतात. घोषणापत्रावर सही किंवा साक्षांकन नसल्यामुळे बरीच बाद होतात. दुसरं व्हीव्हीपॅट, म्हणजे मत दिल्यावर मशीनमधून पडणारी कागदी चिठ्ठी: सोडत काढून निवडलेली पाच केंद्रं मोजतातच, त्यापलीकडे ठरावीक केंद्राच्या चिठ्ठ्या मोजण्यासाठी वेगळा लेखी अर्ज करता येतो. तो मान्य करायचा की नाही, हे अधिकारी ठरवतो.

आता खरं दुखणं. या सगळ्याला आधार लागतो नमुना १७ सी चा. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्याची प्रत उमेदवाराच्या केंद्रावरच्या प्रतिनिधीला देतो. त्यावर झालेलं एकूण मतदान आणि मशीनचे क्रमांक असतात. पोरं सहा वाजता गुलालाच्या गप्पा मारत निघून जातात, प्रत तिथेच राहते, आणि मोजणीच्या दिवशी टेबलावर बोलायला हातात कागद नसतो. सभेवर लाखो रुपये घालवणारे उमेदवार केंद्रावरच्या प्रतिनिधीला एक तास शिकवत नाहीत, हे मला अजिबात पटत नाही.

सही झाली की उरते ती उच्च न्यायालयातली निवडणूक याचिका, निकालापासून ४५ दिवसांत.

अर्थात अडीच मतांचा हा हिशेब दर वेळी लागू पडत नाही. २०२४ ला शेकापचे बाबासाहेब देशमुख २५ हजारांहून जास्त मतांनी आले. तेव्हा शहाजीबापूंसमोर दीपक साळुंखेही होते, मतं तीन ठिकाणी वाटली गेली.