पियानो नवशिक्यांसाठी आनंदी क्लासिकल रचना कोणत्या?

सहा-आठ महिने शिकून दोन्ही हात जेमतेम एकत्र येत असतील आणि उदास सूर नको असतील, तर सुरुवात जी मेजरमधल्या (जी हा सा असलेल्या स्वरसप्तकातल्या) मिन्युएटने, म्हणजे तीन मात्रांच्या जुन्या नृत्याच्या चालीने, करा. जर्मन संगीतकार बाखने पत्नीला 1725 मध्ये दिलेल्या वहीत हा तुकडा आहे. बरीच वर्षं तो बाखच्याच नावावर होता. प्रत्यक्षात तो ख्रिस्तियान पेट्झोल्ड या दुसऱ्या संगीतकाराचा. जी हा सा धरून गुणगुणून बघा: प, सा रे ग म, प, सा सा. पुढे ध, म प ध नी, सां, सा सा. तीन मात्रांचा झोका लगेच अंगात भिनतो. एफ मात्र शार्प (त्याच्या लगेच उजवीकडची काळी पट्टी), तेवढं विसरू नका.

नंतर संगीतकार शुमानच्या 1848 च्या मुलांसाठीच्या संग्रहातलं 'सैनिकांचं संचलन' घ्या. त्यात दोन्ही हात बहुतेक एकाच लयीत चालतात, म्हणून सोपं जातं. त्याच संग्रहातला 'आनंदी शेतकरी' माझा सर्वांत लाडका! त्यात चाल डाव्या हाताकडे असते आणि उजवा हात मधूनमधून हलके कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) देतो. पेटीवरून पियानोकडे आलेल्यांना हे जड वाटतं, कारण त्यांच्या डाव्या हाताला भात्याची सवय असते. पंधरा दिवस फक्त डावा हात वाजवा, तोही गाऊन.

संगीतकार क्लेमेंतीची सी मेजरमधली सोनाटिना (छोटी सोनाटा), ओपस म्हणजे रचना-क्रमांक 36 मधली पहिली, थोडी नंतर.

वेग सुरुवातीला निम्माच ठेवा. बोटं अडखळली की आनंदी चालसुद्धा रडवी वाटते.